दिवेलागणीच्या आधीचा केर

अण्णा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात अजून त्यांच्याशी भांडतच होते. सकाळी निघतानाच आमचं वाजलं होतं. विषय नेहमीचा, संगणकातला फोटो. अण्णांच्या दुकानाशेजारचे कापडवाले वर्गाच्या दारात उभे राहिले, "ताई, घरी चला" एवढंच म्हणाले, आणि भांडण अर्ध्यावर राहिलं... भांडल्याचं मला वाईट वाटत नाही. आम्ही भाऊ-बहीण रोजच भांडायचो. शेवटचा शब्द माझा झाला नाही, याचा मात्र अजून राग आहे.

अण्णा माझे थोरले भाऊ. बीडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि मी त्यांच्याच घरी राहते. दिवा लागल्यावर कचरा बाहेर टाकला तर लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण अण्णा त्यासाठी चालू गिऱ्हाईक नोकरावर सोपवून घरी यायचे. स्वतः केरसुणी फिरवायची, मग हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून देवापुढे दिवा. इथवर मला काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो घरात संगणक आल्यावर.

अण्णांचा मुलगा शिवा अमेरिकेत असतो. त्याला मुलगी झाली, गार्गी. तिला आमच्यापैकी कोणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पोस्टाने फोटो येईतो पोरगी रांगायचं सोडून चालायला लागलेली असायची. म्हणून शिवाने आम्हाला संगणक घ्यायला लावला आणि इंटरनेटवरच्या एका पानावर तो तिचे नवे नवे फोटो लावू लागला. ते पान उघडणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. आधी टेलिफोनच्या तारेतून किरकिर, मग फोटो वरून खाली इंचाइंचाने उतरणार. कपाळ यायचं, डोळे यायचे, आणि हनुवटी यायच्या आत लाइन तुटायची. एकदा पूर्ण आलं की मात्र ते पान संगणकात तात्पुरतं राहायचं, पुन्हा फोन न लावता बघता यायचं. शाळेत जाण्याआधी मी फोटो उतरवून ठेवायचे, आणि दुपारची कामं आटोपली की वहिनी स्टूल ओढून त्याच्यापुढे बसायच्या. नातीशी बोलायच्यासुद्धा.

आणि संध्याकाळी अण्णा ती नात झाडून टाकायचे. संगणक बसवणाऱ्याने जाताना सांगितलं होतं की असल्या तात्पुरत्या फाइल्स साठत जातात, अधूनमधून साफ करा. त्यातलं 'अधूनमधून' अण्णांनी ऐकलंच नाही. कचरा म्हटला की तो दिवेलागणीच्या आधी गेला पाहिजे. केरसुणी कोपऱ्यात ठेवली की ते चष्मा लावून बसायचे, पाठ केलेल्या जागी एकामागून एक क्लिक करायचे, आणि गार्गी गेली. मी समजावलं, चिडले. एकदा माउस साडीच्या घडीत लपवून शाळेत गेले, तर त्यांनी दुकानातला माणूस पाठवून नवा आणवला. वहिनींनी अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे तर भांड्यांचं आख्खं दुकान पालथं होतं.

शेवटी मी विचारलंच, "अण्णा, पोरीचा फोटो कचरा हाय का? कावून पुसता रोज?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खुळी मीच. "सुमे, जुना माल उठल्याबिगर नवा कुठं लावायचा? फोटो अर्ध्यात कावून अडकतोय? आत जागा न्हाई म्हणून. जागा केली की उद्या यील की पोरगी. आन् पुरी यील."

लाइन तुटण्याचा आणि जागेचा काही संबंध नाही, हे मी परोपरीने सांगितलं. दिवाळीच्या आधी फळ्या रिकाम्या करून नवी भांडी मांडणाऱ्या माणसाला ते पटणार नव्हतं. इतके दिवस आम्ही दोघी ज्याला नातीला पुसणारा म्हणत होतो, तो माणूस रोज तिच्यासाठी जागा करत होता. हे कळल्यावर राग जायला हवा होता. गेला नाही. उलट आता धड रागावताही येईना, याचाच राग येऊ लागला.

त्या सकाळी गार्गीचा हसरा फोटो पहिल्यांदाच एका दमात, हनुवटीसकट उतरला होता. आज तरी राहू द्या, म्हणून मी भांडले. दुपारी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शिवाला वेळेवर पोचता आलं नाही. घर माणसांनी भरलं, आणि त्या संध्याकाळी केर कोणीच काढला नाही. पाहुणे पांगल्यावर एकदा कातरवेळी मी संगणक लावला, तर फोटो होता तसा. वहिनींना हाक मारली. दिवेलागण झाली तरी पोरगी पडद्यावर, एवढंच तर त्यांनी मागितलं होतं. त्या स्टुलावर बसल्या, लगेच उठल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ह्यो केर तसाच राह्यला."

पुढे शिवाने फोनवर सहज सांगितलं की फोटो वेगळा साठवून ठेवता येतो, मग कितीही सफाई केली तरी जात नाही. सहज सांगितलं. आमच्या घरात महाभारत होऊन गेलं आणि या दिवट्याला हे आत्ता सुचलं. तरी मी हरखून वहिनींना सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नगं. उद्या यील की."

आता संध्याकाळी केरसुणी मी फिरवते आणि मग संगणकापुढे बसते. वहिनी काडेपेटी हातात धरून देवापाशी थांबलेल्या असतात. शेवटचं क्लिक करून मी "झालं" म्हणते, तेव्हा दिवा लागतो. सकाळी पुन्हा फोन, पुन्हा तीच किरकिर. काल फोटो ओठांपर्यंत आला आणि अडकला. मी कपाळाला हात लावला, तर मागून वहिनींचा आवाज आला, "काल जागा नीट केली न्हाई तुमी."