शंभर ग्रॅमचा काटा

प्रमिलाबाई देवरे चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे. उलट तो खाली जाई आणि एकेक शब्द सुटा होऊन बाहेर पडे. जळगावच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या सुट्या शब्दांची धास्ती घेतलेल्या कितीतरी मुली आता स्वतः आया झाल्या आहेत. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. “साधारण म्हणजे किती? मोजलंस का?” एवढं विचारून त्या गप्प उभ्या राहत, मुलगी मोजायला जाईपर्यंत.

माहेर शिंदखेड्याकडचं, घरी कापसाची शेती. वडिलांना, लोटन आबांना, आकडे वाचता येत नसत, म्हणून कापूस विकायला जाताना आठ वर्षांच्या प्रमिलेला ते बरोबर नेत. एकदा तिने दांडीवरचा खरा आकडा मोठ्याने वाचला, तर तोलणारा म्हणाला, “पोरीले बाजूले करा आबा, तिनी सावली पडस काटावर.” आबा हसले. तोलणाऱ्याचा राग तिला दोन दिवस आला. आबांच्या हसण्याचा मात्र कायमचा राहिला.

डिसेंबर १९८७च्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनात त्या स्वतः आबांसारख्याच गप्प बसल्या. त्यांच्या मुलींनी पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट केलं होतं, सव्वा हात लांब, तीन पंखांचं. नियम असा की दारू न भरता रॉकेटचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जाता कामा नये. जड रॉकेट वर न जाता आडवं सुटतं आणि बघणाऱ्यांच्या अंगावर येतं, म्हणून हा नियम. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला काटा नाजूक खरा, पण त्यात सव्वा हाताचं रॉकेट मावेना. मुलींनी नळी, टोक आणि पंख चिकटवण्याआधी वेगवेगळे तोलून बेरीज केली होती: डिंक धरून अठ्ठ्याण्णव. प्रदर्शनातल्या काट्यावर भरले एकशे पाच. परीक्षक म्हणाले, “बाई, बेरजेत चूक झाली असेल.” शेजारच्या खुर्चीवर काट्याचे मालक बन्सीलाल शेठ बसले होते. धान्याचे मोठे व्यापारी, शाळेच्या कमिटीचे सभासद. दर वर्षी दुकानातला पितळी पारड्यांचा काटा ते हौसेने प्रदर्शनाला देत. प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. रॉकेट करणाऱ्या मुलींत पुढे असलेली वत्सला नेहेते, रावेरच्या केळीवाल्याची मुलगी, परत येताना एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणायला हवं होतं, परत तोला.”

ते वाक्य प्रमिलाबाईंनी वर्षभर गिळलं, पण ते पोटात जाईना.

पुढच्या वर्षी प्रदर्शन त्यांच्याच शाळेत भरायचं ठरलं. रॉकेटच्या विभागाची जबाबदारी घेताना त्यांनी हेडमास्तरांना लेखी कळवलं: काटा मी निवडणार.

“काटा काय निवडायचाय? शेठजींचा येईलच की.”

“येईल. मी तो तपासणार.”

“बाई, कमिटीचे सभासद आहेत ते!”

“काट्याला ते ठाऊक नसतं, सर.”

सोमवार, १२ डिसेंबर १९८८ला शाळा सुटल्यावर त्या निघाल्या. बरोबर प्रयोगशाळेचा शिपाई उखर्डू, त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गेल्या वर्षीचंच रॉकेट. पहिल्यांदा केळीच्या वखारीत. तिथल्या काट्याची सगळ्यात बारीक खूण अर्ध्या किलोची. तोलणारा छगन रॉकेट हातात खालीवर करून म्हणाला, “बाई, असे दोनशे आणा, घड बांधून तोलून देतो.” उखर्डू हसला. बाई हसल्या नाहीत. पोस्टात पत्रं तोलायचा काटा होता, पण त्याची ताटली तळहाताएवढी. रॉकेट आडवं ठेवलं की दोन्ही टोकं टेबलाला टेकत, उभं केलं की पंख्याच्या वाऱ्याने आडवं होई. पोस्टमास्तर म्हणाले, पंखा बंद करायचा तर वरून परवानगी लागेल. भांड्यांच्या दुकानात स्प्रिंगचा काटा मिळाला. त्याला एकच वस्तू तीनदा अडकवली आणि त्याने तीन वेगळी वजनं दाखवली.

“याला काटा म्हणून विकता?” बाईंनी विचारलं.

“बायका घेतात की, केकसाठी,” दुकानदार म्हणाला.

“बायका घेतात म्हणून खोटा चालतो का?”

उखर्डूने रॉकेट उचललं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बाईंचा आवाज खाली गेला की आपण लांब बरं, हे तो बारा वर्षांत शिकला होता.

सराफ बाजारात भटू सोनाराचं दुकान होतं. त्याने रॉकेट पाहिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “तोळ्यात सांगू का ग्रॅममध्ये?” रॉकेट पारड्यात मावण्यासारखं नव्हतंच. त्याने एका बाजूचं पारडं काढलं, त्याच्या वजनाची भरपाई केली आणि रॉकेट रेशमी दोऱ्याने हुकाला उभं टांगलं. पंखा बंद केला. दुकानातली सगळी माणसं आपोआप श्वास धरून उभी राहिली. अठ्ठ्याण्णव ग्रॅम आणि दोनशे मिलिग्रॅम.

“आता बाजू बदला,” बाई म्हणाल्या. “रॉकेट तिकडे, वजनं इकडे.”

भटूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “हे तुम्हांला कुणी शिकवलं?”

“काटा खरा असेल तर त्याला दोन्ही बाजू सारख्या.”

बाजू बदलल्या. काटा तसूभर हलला नाही.

तिथून त्या तडक बन्सीलाल शेठच्या दुकानात गेल्या. शेठजींनी “या बाई, चहा घ्या” म्हणत गादीवरून हात जोडले. बाईंनी चहा घेतला नाही. छताला साखळ्यांनी टांगलेल्या पितळी काट्यावर रॉकेट ठेवलं: एकशे पाच. बाजू बदलून ठेवलं: जेमतेम एक्क्याण्णव.

उखर्डू वाकून खाली बघत होता. “बाई, हाई देखा. पारडाखाल काय बांधेल शे.”

डाव्या पारड्याच्या बुडाशी लाल नाड्यात सुपारी आणि हळकुंड बांधलेलं होतं, आणि त्यावर हळदीकुंकवाचा वाळलेला थर. लक्ष्मीपूजनाला व्यापारी काट्याची पूजा करतात, हे जळगावात कुणाला सांगायला नको. पण पूजेचं बांधलेलं हाताने काढायचं नाही, आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल, अशी या दुकानाची रीत. उन्हाळ्यात सरकारी शिक्का मारणारा येई तोवर ते गळून गेलेलं असे.

“देवाचं आहे बाई,” शेठ म्हणाले. “पाच किलो डाळीत सात ग्रॅमला कोण विचारतं?”

“माझ्या मुलींच्या शंभर ग्रॅमला विचारलं. बाहेर काढलं त्यांना.” बाईंचा आवाज अगदी तळाला गेला. “आणि शेठजी, देव दोन्ही पारड्यांना का नाही बांधला? मालाच्याच पारड्याला कसा बसला?”

तुरीची डाळ घ्यायला आलेल्या बेबाबाई पिशवीचं तोंड धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा पारड्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे.

“मंग इतला वरीस मी दायसंगे सुपारी बी इकत लिधी का?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठजी लाल झाले. “वडिलांच्या वेळपासून त्याच बाजूला बांधतो. कुणाच्या मनात पाप नाही!”

“पाप नसेल,” बाई म्हणाल्या. “वजन आहे.”

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत बराच वेळ दार लावलेलं होतं. शेठजींनी बक्षिसाच्या ढाली काढून घ्यायची भाषा केली होती. हेडमास्तर म्हणाले, सोनाराचा काटा शाळेत आणला तर लोक हसतील. बाई म्हणाल्या, हसू देत. हेडमास्तर म्हणाले, जरा जमवून घ्या. बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी जमवून घेतलं, आता माझ्याच्याने होत नाही. शेठजींचा काटा असेल तर परीक्षक म्हणून माझी सही नसेल. शेवटी भटू सोनार आपला काटा घेऊन येईल असं ठरलं. काटा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही म्हणून तो स्वतःच येणार होता.

शुक्रवारी सकाळी भूगोलाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून तोलणं सुरू झालं. चोपड्याच्या शाळेचं रॉकेट सत्त्याण्णव. रावेरचं नव्व्याण्णव आणि काही मिलिग्रॅम. मग वत्सलाचं नाव पुकारलं. ती दहावीला होती, हे तिचं शेवटचं वर्ष. यंदाचं रॉकेट नवं होतं. दोन दिवसांपूर्वी भटूच्याच काट्यावर साडेअठ्ठ्याण्णव भरलेलं. आज ते चकाकत होतं. आदल्या संध्याकाळी मुलींनी त्याला निळा तैलरंग दिला होता आणि पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव घातलं होतं.

भटूने दोरा अडकवला. वजनं ठेवली. एक काढून दुसरं ठेवलं. मग मान वर न करता म्हणाला, “एकशे एक, तीनशे.”

बाईंनी बाजू बदलायला लावल्या. तेवढेच.

मागच्या रांगेत बन्सीलाल शेठ बसले होते. ते मोठ्या मनाने म्हणाले, “जाऊ द्या बाई, आपल्याच मुली आहेत. सव्वा ग्रॅमकडे कोण बघतं?”

“मी बघते,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“बाई, मी आत्ता खरवडून आणते,” वत्सला म्हणाली. “दहा मिनिटं द्या.”

नियमात एकच तोलणं होतं. तो नियम या वर्षी बाईंनीच घातला होता, गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेने चार वेळा कातरून चार वेळा तोललं होतं म्हणून.

“नाही.”

“चोपड्याच्या मुलांना दिली असती?”

“नाही.”

“मग तुम्ही एवढं भांडलात कशासाठी?”

बाईंना उत्तर येत होतं, पण खोलीत पन्नास माणसं होती आणि पुढच्या शाळेचा मुलगा रॉकेट घेऊन उभा होता. त्यांना वत्सलाचा राग आला, निळ्या रंगाचा आला, तो रंग घ्यायला परवानगी देणाऱ्या चित्रकलेच्या बाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मुलींना रंगाचं वजन शिकवायचं त्या विसरल्या होत्या. त्यांनी नोंदवहीत १०१.३ लिहिलं, पुढे ‘बाद’ लिहिलं आणि सही केली.

वत्सलाने दोरा स्वतः सोडला. रॉकेट काखेत धरून ती निघाली, आणि दाराशी वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काटा बरोबर आहे. आमचंच जड झालं.” पण बाईंकडे तिने पाहिलं नाही, आणि मार्चमध्ये शाळा सोडून जाईपर्यंत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

प्रमिलाबाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.