रनाळ्याचं सरकणारं हेलिपॅड

तिसऱ्यांदा ठिपका सरकला, तेव्हा मी चहा बाजूला ठेवला.

मी एका छोट्या चार्टर कंपनीत फ्लाइट प्लॅनिंग बघते. कुणी विमान किंवा हेलिकॉप्टर भाड्यानं घेतलं, की ते कुठून उडेल, कुठून जाईल, कुठे उतरेल हे ठरवायचं. त्यासाठी आम्ही ऑनलाइन नकाशा वापरतो. दोन ठिकाणी क्लिक केलं की मधे रेघ येते. अंतर, जमिनीची उंची, जिथून उडता येत नाही ते पट्टे, सगळं दिसतं. लिंक पाठवली की गिऱ्हाइकालाही तोच नकाशा दिसतो आणि ठिपका बोटानं ओढताही येतो.

काम रनाळे गावातलं होतं. रघुनाथ आप्पांना मुलीची पाठवणी हेलिकॉप्टरनं करायची होती. मी शाळेच्या मैदानावर ठिपका ठेवला. सकाळी पाहिलं, तर तो गावाबाहेरच्या एका वावरात. परत आणला, परत गेला. असं तीनदा.

आप्पांचे धाकटे भाऊ सुरेश नाना लग्नाची सगळी व्यवस्था बघत होते. त्यांना फोन केला.

"ताई, मी हात लायेल नही. नेटनं काम शे, ठिपकं सरकी जास."

नेटनं ठिपका सरकतो, पण दर वेळी त्याच वावरात?

मी ऑफिसातल्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला वावर हवं तर वावर. तुला काय?"

मला चैन पडेना. मी नकाशाच्या दोन प्रती केल्या. एक आप्पांना पाठवली, दुसरी नानांना. आप्पांचा ठिपका जागचा हलला नाही. नानांचा संध्याकाळपर्यंत वावरात.

उतरायची जागा आधी जाऊन बघायची असतेच, त्याला रेकी म्हणतात. माझं माहेर तिकडचंच, लोणखेड्याचं, त्यामुळे बोलीची अडचण नव्हती. नानांना न कळवता मी थेट वावरात गेले. तिथे जेसीबी चालू होता. बांध अर्धा सपाट झाला होता. काळ्या मातीचा धुरळा उडत होता. अशा मोकळ्या मातीवर हेलिकॉप्टर खाली येतं तेव्हा धुरळ्यात पायलटला जमीन दिसत नाही.

जेसीबीसमोर एक बाई उभी होती. हलायला तयार नव्हती.

"तू हेलिकॉप्टरवाली का?" तिनं विचारलं. "हाई वावर मन्हं शे. हेलिपॅडनं नाव सांगीसन मन्हा बांध मोडी ऱ्हायनात."

त्या विमलबाई. आप्पा-नानांच्या मधल्या भावाच्या विधवा. त्यांचं आणि नानांचं वावर लागून, मधे फक्त हा बांध.

आता उलगडलं. हेलिपॅडच्या परवानगीला जमीनमालकाची संमती लागते. संमती नाना मालक म्हणून देणार होते. बांध गेला, सरकारी परवानगीवर नानांचं नाव लागलं, की विमलबाईंच्या वावरावर हक्क सांगायला कागद तयार.

मी आप्पांना तिथेच बोलावलं. नानाही मागोमाग आले.

"वैनी, लग्नाचं घर शे, तमाशा नको," नाना म्हणाले.

आप्पांनी मोडलेल्या बांधाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "ताई, इथे उतरवणार का तुम्ही?"

"नाही. माती मोकळी आहे. आणि मालकीणबाई नाही म्हणतात."

"मंग विषय संपी गया." त्यांनी जेसीबीवाल्याला हाक मारली. "बांध जसा व्हता तसा घाल. ती माती विमलनी शे."

नाना गाडीत बसले आणि निघून गेले. विमलबाई मात्र तिथून हलल्या नाहीत. बांध पुरा होईपर्यंत त्यांचा कुणावर, माझ्यावरसुद्धा, विश्वास नव्हता. मला ते पटलं.

पाठवणी शाळेच्या मैदानावरून झाली. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारलं होतं, धुरळा उडाला नाही. नवरी विमलबाईंच्या गळ्यात पडून रडली. नाना जेवायला आले.

आता गिऱ्हाइकाला लिंक पाठवताना मी ती फक्त बघण्यापुरती ठेवते. नकाशावर जमिनीची उंची कळते. जमीन कुणाची, ते तिथे जाऊनच विचारावं लागतं.