लाथ मारा, अक्का!

अक्कांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तो थेट पालथा पडलो. घसरून नाही, मुद्दाम. ट्रकमध्ये केळीचे घड चढवताना कंबरेत उसण भरलेली. चोपड्याच्या बाजारात कोणीतरी म्हणालं, पायाची डॉक्टर आली. मी शाळा बाहेरूनच पाहिलेली, मला वाटलं बाई पायाळू असेल. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याची लाथ बसली की उसण पळते, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक. त्यात ही तर शिकलेली लाथ!

"मारा अक्का, लाथ मारा," मी फरशीत तोंड घालून म्हणालो.

मग बाई म्हणाल्या, "अरे बाबा, मी पायाळू नाही. मी लोकांचे पाय बरे करते. आणि हा काटा कधीचा?"

पालथा पडल्यामुळं माझे तळवे वर झाले होते. करंगळीखाली बाभळीचा काटा मोडून आत बसलेला, भोवती पू. मला पत्ताच नाही.

"मना पाय लोखंडना शे, अक्का. त्याले काही लागत नाही," मी फुशारकी मारली.

"लघवीला मुंग्या लागतात का?"

"लागतात की! आपलं बठ्ठं गोडच, सगळंच्या सगळं."

अक्का हसल्या नाहीत. "साखर आहे तुला. तिनं पायाची जाण घालवली. असाच हिंडलास तर पाय घोट्यापासून कापावा लागेल. मी तो जाऊ देणार नाही. चल, बस वर."

अक्का मूळच्या धुळ्याच्या. जाड भिंगांचा चष्मा, केस निम्मे पिकलेले. पेशंट उंच खुर्चीवर आणि त्या खाली पाटावर. त्यांनी माझा पाय मांडीवर घ्यायला हात पुढं केला, तसा मी खुर्चीवर चढून उभा राहिलो. "मना पायले हात नका लावा, अक्का! माले पाप लागी!"

"मग आधी तू माझ्या पाया पड, नंतर मी तुझा पाय धरते. फिटंफाट."

मी पडलो. तेव्हापासून त्या दवाखान्याचा रिवाजच झाला, आधी पेशंट वाकायचा, मग डॉक्टर. तरी लोकांना उमज पडेना. कोणी नव्या सुनेला घेऊन यायचं, हिचा पायगुण बघा म्हणून. अक्का म्हणायच्या, "पायगुण देव बघेल, मी भेगा बघते. काढ गं चपला."

काटा काढून जखम बांधल्यावर माझ्यासाठी त्यांनी चांभाराकडून मऊ रबराची चप्पल करून घेतली. इतकी देखणी, की खराब होईल म्हणून मी ती पिशवीत घातली, काखेत मारली आणि अनवाणी दवाखान्यात गेलो. जखम पुन्हा उघडली होती. अक्कांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "वा! चप्पल तुझ्यावर बसून आली का?"

त्या दिवशी करंगळी काढावी लागेल म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. मग मात्र मी चप्पल घालून झोपायला लागलो. बायको म्हणाली, "बठ्ठं गाव हासी तुमले!"

करंगळी गेली, पाय राहिला. जखम भरल्यावर अक्का म्हणाल्या, "लोक माझं ऐकत नाहीत, तुला हसतात. तू माझ्याबरोबर बाजारात बस." मी केळीच्या कॅरेटवर पाय ठेवून बसायचो आणि पालथा पडल्याची गोष्ट सांगायचो, चपलेचीसुद्धा. माणसं हसून हसून खाली बसायची. बसली, की अक्का म्हणायच्या, "आता आपापले तळवे बघा." नाना, आबा म्हणवणारी भारदस्त माणसं भर बाजारात पाय उलटे करून बघायची. कुणाला खिळा सापडायचा, कुणाला काच. उन्हातान्हात कित्येक वर्षं अक्कांनी एक बाजार चुकवला नाही.

पुढं त्यांची नजर गेली. दवाखाना नव्या डॉक्टरकडं देऊन त्या धुळ्याला भावाकडं निघाल्या. एस.टी. स्टँडवर मला रडू येईना आणि विनोदही सुचेना. मग मी फलाटावर पालथा पडलो. "अक्का, आता तरी मारा."

लोक गोळा झाले. अक्कांनी चाचपडत चप्पल काढली, आणि कंबरेवर हलकेच पाऊल टेकवलं.

"गेली का उसण?"

"गेली, अक्का."

खोटं बोललो. कंबर अजून दुखते. पाय मात्र दोन्ही आहेत.