सुरकुतेश्वराचा मोतीबिंदू

पदनाम: आसनस्थ, देवस्थान विभाग. कामाचे स्वरूप: वृद्ध होणे. पात्रता: मर्त्य असणे, अनुभवाची अट नाही. कार्यकाळ: सुरुवातीपासून शेवटापर्यंत. रजा: लागू नाही. विद्यमान पदधारकाची प्रगती: समाधानकारक. कंबर वाकली आहे, केस पांढरे झाले आहेत, डाव्या डोळ्यात पडदा आला असून उजव्या डोळ्याचे काम प्रगतिपथावर आहे.

हे वर्णन ज्यांचं आहे, त्यांना गल्लीत आसनबाई म्हणतात.

लांब कानांचे एल्फ लोक म्हातारे होत नाहीत. पंचविशीला पोचले की तिथेच मुक्काम ठोकतात आणि पुढची हजारेक वर्षं तुकतुकीत कातडीने काढतात. ज्याच्याकडे जे नाही त्याचा तो देव करतो. एल्फांनी म्हातारपणाचा केला. त्यांच्या भाषेत या देवाचं नाव घ्यायला अर्धी दुपार जाते, म्हणून गल्लीतली माणसं त्याला सुरकुतेश्वर म्हणतात. सगळ्या देवांत हा एकटाच म्हातारा झाला, आणि म्हणून त्यालाच सगळं कळलं, अशी एल्फांची श्रद्धा आहे. गल्लीतली म्हातारी माणसं जवळून पाहिली तर ही श्रद्धा टिकणं अवघड, पण एल्फ गल्लीत फारसे येत नाहीत.

देवळात मूर्ती नाही. दगड म्हातारा होत नाही, नुसता झिजतो. म्हणून आसनावर एक जिवंत माणूस बसवतात, आणि त्याने दिवसेंदिवस थकत जाणं हीच पूजा. आधी बाईंची आई तिथे बसायची. तिच्यामागे बाई बसू लागल्या. बाईंच्या मागे लेकीने बसावं अशी अपेक्षा आहे; लेक म्हणते, मला सुरकुत्या घरबसल्या पडतायत, त्यासाठी देवळापर्यंत कोण जातं.

झाडलोट झाली की बाई उंच पाठीच्या खुर्चीत बसून मोजे विणत, समोर एल्फ हात जोडून उभे. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा घंटा वाजल्या. बाईंनी तो लेकीकडून उपटून घ्यायचं ठरवलं, तर पुजाऱ्याचा निरोप आला की केस देवाचा आहे. संध्याकाळी उठताना बाई कंबर धरून ‘आई गं’ म्हणायच्या. एल्फांनी तेही उचललं. आता पूजा संपली की शे-दोनशे तरणीबांड मंडळी ठणठणीत गुडघ्यांवरून एका सुरात ‘आई गं’ म्हणत उठतात.

पुजारी सहाशे वर्षांचा आहे. आईचं बोट धरून देवळात यायच्या तेव्हा बाई त्याला काका म्हणत. लग्नाच्या वयात आल्यावर दादा म्हणू लागल्या, पुढे भाऊ, आणि आता बरीच वर्षं ‘बाळा’. त्याने कधी हरकत घेतली नाही. त्याच्या लेखी हे सगळं एकाच आठवड्यात घडलं असावं. तो मात्र पहिल्यापासून त्यांना आजीच म्हणतो. त्या दुडुदुडु चालायच्या तेव्हाही म्हणायचा, आदराने.

डाव्या डोळ्यात पडदा आला तेव्हा देवळात आनंदीआनंद झाला. देव आत पाहू लागला, म्हणून लांबलांबच्या रानांतून रांगा लागल्या. घरी बाईंनी जावयाला दारात दोनदा ‘कोण आहे?’ असं विचारलं. पहिल्यांदा तो हसला.

बाईंना आईची शेवटची वर्षं आठवत होती. तिचाही देव असाच आत पाहू लागला होता. घरी ती भिंत चाचपत मोरीपर्यंत जायची आणि नातीचं तोंड बोटांनी पाहायची. बाजारामागचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, एका सकाळचं काम आहे, नवं भिंग बसवू. पण दोन्ही डोळे फार पिकू देऊ नका, मग माझ्याही हातात राहणार नाही.

बाईंनी रीतसर पुजाऱ्याला विचारलं.

“आजी, ते धुकं तुमचं नाही,” पुजारी म्हणाला. “देवाचं आहे.”

“मग देवाला सांग, स्वतःच्या डोळ्यात ठेव म्हणावं. मला मोजे विणायचेत.”

पुजाऱ्याने विषय मंडळापुढे ठेवायचं कबूल केलं. मंडळ म्हणजे एल्फांतले जाणते. ते घाई करत नाहीत. बाईंच्या आईने खुर्चीवर गादी मागितली होती, ती मंजूर होऊन आली तेव्हा खुर्चीत बाई होत्या.

“किती दिवस लागतील?”

“फार नाही. हयातीत होईल.”

“कोणाच्या?”

पुजारी विचारात पडला. हा मुद्दा पूर्वी कोणी काढला नव्हता.

बाईंनी त्याला विचारात पडू दिलं आणि लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डावा डोळा करून, पट्टी बांधून, दुपारी आसनावर हजर. एल्फांना पट्टी हे नवं लक्षण वाटलं. दोन दिवसांत निम्मा सभामंडप एका डोळ्यावर पट्टी बांधून उभा राहू लागला आणि खांबांवर आपटू लागला.

पट्टी सुटली त्या सकाळी पुजाऱ्याने जवळ येऊन पाहिलं. धुकं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. हा देवाचा ठेवा लुटणं आहे, म्हणाला. मंडळाला आजच्या आज कळवतो, आणि उजवा डोळा तरी शाबूत राहावा म्हणून तुमच्या दारावर पहारा बसवतो. बाईंना कळलं, की हा पहारा बसला तर तो आपल्याला पुरून उरेल.

त्यांनी पुजाऱ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी नीट दिसत होता.

“इकडे उजेडात ये रे बाळा. डोळ्याखाली काय झालंय?”

“काय झालंय?”

“रेघ पडलीय.”

शेकडो वर्षं पुजारी रोज ज्यासाठी साकडं घालत होता, ते मिळाल्याचं ऐकून त्याने आधी दार लावून घेतलं. देवळात आरसा नाही. तरण्या चेहऱ्याची लाज म्हणून ठेवत नाहीत. त्याने बोटाने चाचपलं. रेघ लागली. खालच्या आवाजात त्याने विचारलं, ही जाते का? काही लावतात का? बाई म्हणाल्या, साय लावून बघ.

“आजी, कोणाला बोलू नका.”

“तुझं मी बोलत नाही, माझं तू बोलू नकोस. आणि हा दुसराही मी करून घेणार आहे.”

पुजाऱ्याने मान हलवली. संध्याकाळी त्याने जाहीर केलं, की देवाचं आत पाहून झालं, आता तो बाहेर पाहतोय. एल्फांनी ते भक्तिभावाने ऐकलं आणि ‘आई गं’ म्हणत उठले.

घरी लेक म्हणाली, म्हणजे लांबकानेही म्हातारे होतात तर. बाई म्हणाल्या, कसले होतायत, उशीची रेघ होती ती, जेवायच्या वेळेपर्यंत गेलीसुद्धा.

“मग सांगितलं नाहीस त्याला?”

“त्याने विचारलं कुठे?”

पुढच्या महिन्यात उजवा डोळाही झाला. देवस्थानच्या पत्रकात पदधारकाची दृष्टी आता ‘तिन्ही काळांचा वेध घेणारी’ अशी नोंदवलेली आहे. विणताना बाईंना चष्मा लागतो.