घळीतला लव्हाळा

वावटळ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. एका जागी बूड टेकायचं नाही, आणि बोलायला लागली की भीड नाही, मुर्वत नाही. शाळा सोडली तीही मधल्या सुट्टीत, दप्तर वर्गातच ठेवून. घरी आली तेव्हा थोरली बहीण गादी शिवत बसली होती. तिने नुसतं वर बघितलं.

"आलीस? मग ते टोक धर."

झालं. आईबाप कधीच गेलेले, त्यामुळे रागवायला दुसरं कोणी नव्हतंच.

दोघी रानातल्या लव्हाळ्याच्या गाद्या करायच्या. तळ्याकाठचा जाडाभरडा लव्हाळा वेगळा. हा मोठ्या झाडांखाली, ओलसर सावलीत वाढतो. पातं लांब, केसांसारखं मऊ. काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, तीच त्याची ओळख. उपटायचा नाही, बुडखा ठेवून विळ्याने कापायचा. मग अंगणात वाळवायचा, विंचरायचा आणि खोळीत भरायचा. कापणं, वाहणं वावटळीकडे. वाळला की नाही हे मात्र थोरली ठरवायची. मूठभर लव्हाळा गालाला लावून म्हणायची, "राहू दे अजून उन्हात."

"गाल आहे का हवामान खातं?" वावटळ करवादायची. पण राहू द्यायची.

मग थोरलीला लकव्याचा झटका आला आणि अर्धं अंग गेलं. दवाखान्यातून घरी पाठवली ती फोमच्या गादीवर, वर प्लॅस्टिक. पाठीला घाम, घामाने जखमा. कूस बदलताना ओठ चावायची, पण ओरडायची नाही.

"ही गादी नाही गं, तवा आहे," एकदा म्हणाली. "मला आपली गादी करून दे. एवढंच कर."

घरात लव्हाळ्याची काडी शिल्लक नव्हती. वावटळ विळा घेऊन रानात गेली आणि उतारावर येऊन थबकलीच. लाकडाच्या ठेकेदाराने मोठी झाडं नेली होती. उरले होते नुसते बुंधे. सावली गेली तसा लव्हाळाही गेला. होता तो पिवळा, आखूड, खराट्यासारखा ताठ, आणि त्याच्यावर काटेरी झुडपं चढलेली. वावटळीने एका बुंध्यावर बसून ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने काय होणार? उठली आणि खाली घळीत उतरली.

घळीत ट्रक शिरत नाही, म्हणून तिथली झाडं उभी होती. कातळातून पाणी पाझरत होतं, आणि लव्हाळा गुडघ्याएवढा, हिरवागार, वाऱ्याने एका अंगाला निजलेला. इथला दोघी बहिणी कधी कापायच्या नाहीत. का, ते हिने कधी विचारलं नव्हतं. विचारण्याइतकं थांबायचं कोणी? तिने कापला, भारे बांधले, त्या चढावरून खांद्यावर वाहून आणले.

ऊन कडक होतं. उतारावरचा जेवढा वाळवायचा तेवढाच तिने हाही वाळवला. मूठभर घेऊन थोरलीकडे गेली, तर रात्रभर कण्हून तिचा आत्ताच डोळा लागलेला. उठवायला जीव झाला नाही. वावटळीने स्वतःच्या गालाला लावून बघितला. कोरडा वाटला. भरून टाकला.

त्या गादीवर निजवल्यावर थोरलीने डोळे मिटले. "आता कसं," म्हणाली, "पाठ घरी आली."

रोज सकाळी विचारलं की तेच, छान झोप लागली. मग ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सने कूस बदलली आणि नाक मुरडलं.

"अगं, खाली सगळं दमट आहे. जखमा चिघळल्यात."

वावटळीने शिवण उसवून आत हात घातला. आत ओल होती, बुरशी होती, आणि तापलेल्या कपाळासारखी ऊब होती. नर्स गेल्यावर ती खाटेशी आली.

"ताई, तुला वास नाही आला?"

"आला की. अंथरलीस तेव्हाच."

"मग तोंड शिवलं होतंस?"

"घळीतला आहे ना? तो वरून वाळतो, पोटात पाणी धरून बसतो. म्हणून आपण तिथे जात नव्हतो."

"अगं बाई, मग बोलायचं ना!"

"खांद्याची सालटी निघालीत तुझ्या," थोरली म्हणाली. "आणि दुसरा कुठून आणणार होतीस?"

वावटळीने बहिणीला परत फोमवर घेतलं, गादी फाडली, लव्हाळा अंगणभर पसरला आणि दिवसभर उलटत राहिली. मध्येच आत डोकवायची. "वाळतोय हां." थोरलीला ताप चढत होता. ती हसायची, किंवा हसल्यासारखं करायची. नर्सने सुई दिली, डॉक्टर येऊन गेले. पहाटे थोरली गेली. फोमवर.

न्यायला माणसं जमली. दारापासून फाटकापर्यंत लव्हाळाच पसरलेला, पाय ठेवायला जागा नाही. शेजारचा सुतार दोन्ही हातांनी तो गोळा करायला वाकला.

"हात लावू नकोस," वावटळ म्हणाली.

"अगं, आता कोणासाठी?"

"हात लावू नकोस म्हटलं ना! ओला आहे अजून."

माणसांनी थोरलीला उचललं आणि भिंतीला अंग घासत, एकामागून एक, कडेकडेने बाहेर नेलं.