फळीला लावलेली कडी

नांदेडच्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीनं मला फसवलं. पैशात नव्हे, पैशात मला अजून कुणी फसवलेलं नाही. त्यानं दिलेला शब्द मोडला.

लातूरच्या मोंढ्यामागं, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत, मी तूर, हरभरा चाळून देते. सुरुवात सुपानं केली, मग चाळणीचं मशीन घेतलं. तूर चाळताना मशीनच्या तोंडात काड्या अडकतात. बंद करायचं बटण लांब भिंतीवर, म्हणून कामाला येणाऱ्या बायका चालू मशीनमध्येच हात घालायच्या. एकीचं नख गेलं तेव्हा मी शिव्या दिल्या, पाटी लावली. काही फरक पडला नाही. मग वाटलं, बायकांना बदलण्यापेक्षा त्यांची उभी राहायची जागा बदलू. मशीनपुढं एक फळी बसवली. फळीवर माणूस उभा असेल तरच पट्टा ताणला जातो. काडी काढायला फळीवरून उतरावंच लागतं आणि उतरलं की चाळणी थांबते. बटणापर्यंत जायची गरजच उरली नाही.

त्यानंतर घरातही मी तसंच डोकं चालवायला लागले. सासरे गोळ्या घ्यायला विसरायचे. गोळ्यांची डबी त्यांच्या तंबाखूच्या पिशवीत टाकली. आता विसरत नाहीत.

फळीचा सांगाडा त्या मिस्त्रीनं जोडला होता. दुपारभर घासाघीस चालली. शेवटी ठरलं, त्यानं मजुरी कमी घ्यायची आणि बदल्यात असलं मशीन बनवून कुणालाही विकायचं. अट एकच, फळीत काही बदल करायचा नाही.

"माहूरच्या देवीची शपथ घेतो, ताई," तो म्हणाला.

यंदा तुरीच्या दिवसांत अहमदपूरजवळ धाकट्या बहिणीकडं गेले. तिच्या नवऱ्यानं त्याच मिस्त्रीकडून मशीन आणलेलं. शेडमध्ये शिरले तर चाळणी चालू, फळीवर कुणी नाही, आणि बहिणीचा हात मनगटापर्यंत मशीनच्या तोंडात. मोंढ्यात माझा आवाज पार पलीकडं जातो, पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही. ती दचकली तर हात आत जाईल, एवढंच डोक्यात होतं. फळीजवळ गेले तेव्हा दिसलं, फळी दाबून धरायला बाजूला एक लोखंडी कडी होती. पायानं ती उडवली. पट्टा सैल पडला.

"आक्का, बंद कशाला केलंस? निम्मं पोतं राहिलंय."

"ही कडी कुणी लावली?"

"मशीनसंगंच आली. मिस्त्री म्हणला, कडी लावा, माणूस मोकळा राहतो."

"हात दाखव."

"लई भित्री झालीस गं तू. हाय की जाग्यावर."

मी तिची बोटं एकेक करून धरून पाहिली. तिला हसू येत होतं. मग छिन्नी मागवून कडी तोडली.

तिथूनच मिस्त्रीला फोन केला.

"ताई, गिऱ्हाईकच मागतं. कडी नसली तर कुणी घेईना."

"कुठं कुठं विकलीस?"

"ते नाही सांगणार. उद्या तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवाल. तुम्हाला मी ओळखत नाही का?"

फोन ठेवला त्यानं. नंतर दोनदा नांदेडला त्याच्या दुकानात जाऊन भांडले. उत्तर तेच.

तुरीचा हंगाम अजून चालू आहे. कुणाच्या तरी शेडमध्ये फळी रिकामी आहे, चाळणी हलतेय आणि एक बाई काडी काढायला वाकलीय. ती कुठल्या गावची, हे मला माहीत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी गाव विचारते.

मिस्त्री, गिऱ्हाइकांची नावं नको, नुसती गावं सांग. माझ्या खर्चानं जाते आणि एकेक कडी तोडून येते. तेही सांगायचं नसेल तर एवढ्याचं उत्तर दे. त्यातल्या एकीचा हात गेला, तर तिच्या दारात जाऊन तू काय सांगणार आहेस?