आत्याच्या विहिरीतला कडा

आधी चहा ओता. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की सांगताना मला दम लागतो. इतकी वर्षं झाली, पण या फजितीचं नाव निघालं की माझे खांदे अजून दुखायला लागतात.

तेव्हा मी अमरावतीला जंगलखात्यात कारकून होतो. नागपूरहून एक नवा गोरा साहेब बदलून आला. सुटी मिळाली की दोर घेऊन उभे कडे चढायचे, हा त्याचा नाद! एक दिवस भर कचेरीत त्यानं विचारलं, "बाबू लोग, चिकलडा में हमारे साथ कौन चढेगा?" चिकलडा म्हणजे आपलं चिखलदरा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी तेवढी वर राहिली. का? तर मानेत लचक भरली होती हो!

"शाबास!" साहेबानं पाठीवर थाप मारली. "प्रॅक्टिस करो!"

नोकरी अजून कच्ची. नाही म्हणायचं कुणाच्या तोंडानं?

पण सराव करायचा कुठे? आपलं वऱ्हाड हे असं परातीसारखं सपाट. काळ्या मातीत ढेकूळ मिळेल, कडा कुठून आणू? घरच्या दाराच्या चौकटीला लोंबकळलो, तर चौकटीसकट खाली आलो. गावच्या परकोटाच्या भिंतीला हात लावला, तर शिपायानं चोर म्हणून हटकलं.

मग आठवली अकोल्याजवळची आत्या. तिचा भाजीपाल्याचा मळा, आणि मळ्यात दगडानं बांधलेली खोल विहीर. कडाच की हो, फक्त जमिनीच्या आत! रविवारी आंबलेलं अंग घेऊन पोचलो.

"बरा आला तू, दिगू," आत्या म्हणाली. "आज शामरावजी येऊन रायले. त्यायच्या पोरीसाठी तुले पाहाले."

माझ्या डोक्यात नुसता साहेब. मी म्हणालो, "बरं. मी जरा विहिरीवर जाऊन येतो."

काय वेळ साधली पाहा मी हे बोलायला!

कपडे मळू नयेत म्हणून कोट, टोपी, जोडा काठावर नीट मांडून ठेवला. दोर बांधला आणि उतरलो. उतरणं फार सोपं असतं हो. हात सुटले की आपोआप होतं! पाण्याच्या जरा वर एका पुढे आलेल्या दगडावर टेकलो आणि वर पाहिलं. आभाळ ताटलीएवढं. एक पाय उचलला, तर पोटरीत गोळा आला. हातांनी तर केव्हाच राजीनामा दिला होता.

तेवढ्यात आत्या मला बोलवायला आली. तिला काय दिसलं? कोट, टोपी, जोडा. आणि मी नाही!

"दिगूनं जीव देल्ला वो मायऽऽ!"

"आत्या, मी चढून राहिलोऽ!" मी खालून ओरडलो.

आवाज विहिरीत घुमला आणि वर पोचेपर्यंत भलताच झाला.

"सोडून रायलो म्हन्ते! जीव सोडून रायला! धावा रे!"

सगळा मळा धावला. पाठोपाठ पागोटं सावरत शामरावजी आले आणि वाकून पाहू लागले. "पोरगी नापसंत असन तं तोंडानं सांगाचं! पाहाच्या आंधीच विहिरीत काहून उतरले?"

"पसंत हाये!" मी किंचाळलो. "उद्या लग्न लावा! पर मले वर काढा!"

मग मोट खाली सोडली. त्या चामड्याच्या मोटेत मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बैल चालले, आणि पालकाच्या वाफ्याला जाणारं पाणी जसं वर येतं तसा मी वर आलो. मोटेचं पाणी ओततात त्या थारोळ्यात भदकन पडलो.

पडल्या पडल्याच साहेब, कडा, सराव, सगळं सांगून टाकलं. शामरावजींनी शांतपणे ऐकलं.

"म्हन्जे, जीव द्याले नोते उतरले?"

"नाही जी."

"चढाले शिकाले उतरले?"

"हो जी."

त्यांनी पागोटं नीट बसवलं. मग आत्याकडे वळले. "जीव द्याले उतरले असते तं समजावून सांगतलं असतं अन् पोरगी देल्ली असती. पर हे नाही जमत, बाई. आमची पोरगी शहानी हाय."

घशाला कोरड पडली होती. मी कसाबसा म्हणालो, "बरं जी. पर जरा पाणी पाजता काय?"

"आत्तालोक कुठी व्हते तुमी?" शामरावजींनी विहिरीकडे बोट दाखवलं.

सोमवारी साहेबापुढे उभा राहिलो. सलामाला उजवा हात उठेना; डाव्यानं धरून कपाळापर्यंत नेला. साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाबू, तुम नीचे बैठेगा. टिफिन संभालेगा."

मला तर रडूच आलं, आनंदानं! चिखलदऱ्याला कड्याच्या पायथ्याशी टिफिन मांडीवर घेऊन बसलो. गार वारा, आठवडाभराचा शीण. डोळा लागला.

जाग आली तेव्हा मांडी रिकामी. एक वानर टिफिन काखेत मारून सरसर कडा चढत होतं. आणि वरून दोराला लोंबकळत साहेब मला ओरडून सांगत होता, "बाबू! देखो, देखो! ऐसा चढना मांगता!"